जयघोष उदंड, कोठारे रिकामी

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपताच्या मैदानात उतरलेली मराठी सेना उपाशी होती. ही गोष्ट मराठी घरातील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. तिचा अर्थ मात्र राज्यकर्त्यांच्या मनात अजून पुरता उतरलेला नाही. ऑक्टोबर १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी कुंजपुरा जिंकला व तेथील धान्यसाठा हस्तगत केला. त्याच महिन्यात अब्दालीने बागपताजवळ यमुना ओलांडली आणि मराठी छावणीचा दिल्लीशी असलेला मार्ग तुटला. डिसेंबरात शत्रूच्या रसदेवर घाला घालणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. छावणीत लढवय्यांबरोबर बायकामुले होती, यात्रेकरू होते. धान्य संपले, जनावरांची वैरण संपली. उपासमारीने मरण्यापेक्षा लढून मरू, या निर्धाराने सेना बाहेर पडली. विश्वासरावांना लागलेल्या गोळीची चर्चा अडीच शतके चालली आहे. छावणीतील शेवटचे धान्याचे पोते ज्या दिवशी रिते झाले, त्या दिवसाची चर्चा मात्र त्यामानाने फारच थोडी झाली.

हीच या देशाची जुनी खोड आहे. शौर्याची पूजा येथे मनोभावे होते. कोठाराचा हिशेब मात्र कारकुनी काम समजून दुर्लक्षिला जातो. सैनिकाच्या पार्थिवावर फुले वाहण्यास लोटणारा समाज, त्याच सैनिकाच्या पायातील बूट वेळेवर पोहोचले होते की नाही, हे विचारीत नाही. आणि समाज विचारीत नाही, म्हणून शासनयंत्रणेला उत्तर द्यावे लागत नाही!

थागला ते कारगिल

सप्टेंबर–ऑक्टोबर १९६२ मध्ये ब्रिगेडियर जॉन दळवी यांच्या सातव्या ब्रिगेडला नामका चू नदीकाठी उभे करण्यात आले. समोर थागला पर्वतराजीवर चिनी सैन्य पूर्ण तयारीनिशी बसलेले. भारतीय जवानांच्या अंगावर सुती गणवेश, पायात कॅनव्हासचे बूट, कमरेला मोजक्याच गोळ्या. रस्ता नव्हता, सारी भिस्त विमानातून टाकल्या जाणाऱ्या सामानावर होती. त्सांगधरच्या अरुंद जागेवर टाकलेले बरेचसे सामान दऱ्यांत जाऊन पडे. दिल्लीत मात्र चिन्यांना हुसकावून लावण्याच्या घोषणा चालल्या होत्या. २० ऑक्टोबरला चिनी आक्रमण आले आणि ती ब्रिगेड काही तासांत उद्ध्वस्त झाली. जवान पळाले नव्हते. अनेक तुकड्या शेवटच्या गोळीपर्यंत लढल्या. दुर्दैव हे की ती शेवटची गोळी फार लवकर आली. पुढे स्वतः दळवींनी ‘हिमालयन ब्लंडर’ लिहून या शोकांतिकेची मीमांसा केली. त्या पुस्तकाचे नाव अनेकांना माहीत आहे. त्यातील पुरवठ्याचा धडा मात्र फार थोड्यांनी गिरवला.

सदतीस वर्षांनी कारगिल घडले. १९९९ च्या त्या युद्धात भारतीय तोफखान्याने अडीच लाखांच्या घरात तोफगोळे, बाँब व अग्निबाण डागले. बोफोर्स तोफांनी डोंगरमाथे हादरवले. परंतु त्याच काळात तत्कालीन लष्करप्रमुख जनरल वेदप्रकाश मलिक यांना, जे हाताशी आहे त्यानिशीच लढू, असे जाहीरपणे सांगावे लागले. या उद्गारात सेनापतीचा निर्धार जितका होता, तितकाच राज्यव्यवस्थेवरील आरोपही होता. निर्धाराला टाळ्या मिळाल्या; आरोप मात्र कोणी ऐकला नाही. युद्ध सुरू झाल्यावर जगाच्या बाजारात दारूगोळा शोधत हिंडणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. अशा वेळी विक्रेता मागेल ती किंमत आणि तो सांगेल ती तारीख मान्य करावी लागते.

कागदावरील चाळीस दिवस

त्यानंतर तरी डोळे उघडले का? नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा, म्हणजेच ‘कॅग’चा २०१५ चा अहवाल याचे उत्तर देतो. घनघोर युद्धाचे चाळीस दिवस पुरेल इतका दारूगोळा राखीव असावा, असा संकल्प होता. मार्च २०१३ मध्ये तपासलेल्या १७० प्रकारांपैकी निम्म्या प्रकारांचा साठा दहा दिवसांचाही नव्हता. २०१७ च्या अहवालात थोडी सुधारणा दिसली. तरीही सप्टेंबर २०१६ मध्ये १५२ पैकी ४० टक्के प्रकार त्याच दहा दिवसांच्या आत अडकलेले होते. चाळीस दिवसांचा संकल्प कागदावर आणि दहा दिवसांचा साठा कोठारात!

फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत मांडलेला अहवाल तर प्रत्येक आईच्या काळजाला घरे पाडणारा आहे. सियाचीन व लडाखसारख्या अतिउंच प्रदेशातील जवानांसाठी लागणारे कपडे, उपकरणे आणि शिधा यांची ती तपासणी होती. हिमचष्म्यांचा तुटवडा ६२ ते ९८ टक्क्यांपर्यंत गेला होता. नवे बूट न मिळाल्याने जुनेच बूट दुरुस्त करून वापरावे लागले. झोपण्याच्या पिशव्या जुन्या प्रकारच्या घेतल्या गेल्या. खरेदीतील विलंब काही बाबतींत चार वर्षांपर्यंत पोहोचला होता. बर्फावरून परावर्तित होणारा सूर्यप्रकाश काही तासांत डोळ्यांची दृष्टी हिरावतो. तेथे चष्मा हा चैनीचा पदार्थ नव्हे, तर शस्त्राइतकाच अत्यावश्यक आहे.

हा अहवाल जुन्या वर्षांचा असून नंतर परिस्थिती सुधारली, असे लष्करप्रमुखांनी त्या वेळी स्पष्ट केले. ते खरे मानले पाहिजे. परंतु अहवाल जुना असला, तरी ज्या हिवाळ्यात चष्मे नव्हते, तो हिवाळा त्या जवानासाठी खराच होता. चार वर्षे ज्या टेबलांवर ती फाईल फिरत राहिली, त्यांपैकी एकाही टेबलाचे नाव देशाला कळले नाही.

येथेच खरे दुखणे आहे. ज्या अधिकाऱ्याच्या स्वाक्षरीने चुकीची खरेदी होते, त्याची चौकशी होते आणि ती व्हायलाच हवी. पण ज्याच्या स्वाक्षरीअभावी खरेदीच होत नाही, त्याचे काय? त्याच्यावर ठपका येत नाही, त्याची बढती अडत नाही. साहजिकच, निर्णय न घेणे हीच सर्वांत सुरक्षित नोकरी ठरते. भ्रष्टाचाराने तिजोरी लुटली जाते. विलंबाने जवानाचा जीव जातो. पहिला गुन्हा मानला जातो, दुसरा ‘प्रक्रिया’ म्हणून माफ होतो!

पुलगावची राख

खरेदी झाली म्हणजे काम संपले, हाही एक घातक भ्रम आहे. साठवण हे स्वतंत्र शास्त्र आहे. भरतपूरच्या दारूगोळा भांडारात २८ एप्रिल २००० रोजी आग लागली, तेव्हा आवारातील वाळलेले गवत वेळेवर कापले गेले नव्हते. शेकडो कोटी रुपयांचा दारूगोळा भस्मसात झाला. ३१ मे २०१६ च्या पहाटे वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात स्फोट झाले. दोन अधिकाऱ्यांसह दीड डझनाहून अधिक जण मृत्युमुखी पडले; आग विझवायला धावलेले अग्निशमन कर्मचारीच त्यांत बहुसंख्य होते. रणगाडाविरोधी सुरुंगांतून स्फोटक द्रव्याची गळती होत होती. सदोष म्हणून ओळखले गेलेले सुरुंग निर्णयाची वाट पाहत कोठारात पडून राहिले होते. २० नोव्हेंबर २०१८ रोजी त्याच पुलगावजवळ जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या कामात पुन्हा सहा बळी गेले. त्यांत रोजंदारीवर राबणारे मजूर होते. त्यांच्यासाठी कोठे मेणबत्त्या लागल्या नाहीत.

या भूमीला हे शास्त्र नवे नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात गडावरील दारूखान्याविषयी स्पष्ट नियम आहेत. दारूखाना वस्तीजवळ वा घरांच्या वाऱ्याखाली नसावा. हवालदाराने आठ-पंधरा दिवसांनी स्वतः येऊन दारू व बाण बाहेर काढावेत, उन्हे द्यावीत आणि पुन्हा मोहोर लावून ठेवावेत. म्हणजे जागा कोणती, तपासणी किती दिवसांनी आणि जबाबदार कोण, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यात आहेत. गडांचा अभिमान बाळगणाऱ्यांनी गडांच्या या व्यवस्थेचाही अभिमान बाळगावा.

दोन पळवाटा

या विषयाची चर्चा निघाली की दोन युक्तिवाद हमखास पुढे येतात. पहिला असा की, तुटवड्याची वाच्यता केल्याने शत्रूचे फावते. आजच्या साठ्याचे नेमके आकडे गुप्त असावेत, याविषयी कोणाचे दुमत नाही. परंतु संसदीय समितीपुढे उत्तरदायित्व निश्चित करणे आणि आकडे चव्हाट्यावर मांडणे, या भिन्न गोष्टी आहेत. गुप्ततेचे पांघरूण शत्रूसाठी असते, आळसासाठी नव्हे.

दुसरा युक्तिवाद काटकसरीचा. मोठा साठा म्हणजे अडकलेला पैसा, गरज पडेल तेव्हा माल मागवावा, असे व्यवस्थापनशास्त्राचे पंडित सांगतात. मोटारींच्या कारखान्यात ते शोभते. फेब्रुवारी २०२२ पासून सुरू झालेल्या युक्रेनच्या युद्धाने या पांडित्याची परीक्षा घेतली. कीव्हच्या दिशेने निघालेला रशियन वाहनांचा मैलोगणती लांब ताफा इंधन व पुरवठ्याअभावी रस्त्यातच रखडला. धनाढ्य युरोपीय संघाने मार्च २०२३ मध्ये वर्षभरात दहा लाख तोफगोळे देण्याचे वचन दिले. मार्च २०२४ उजाडला तरी ते पूर्ण झाले नाही. पैसा होता, इच्छा होती. कारखाने व कोठारे नव्हती. दारूगोळ्याचा कारखाना धनादेशाने एका रात्रीत उभा राहत नाही.

दिशा बदलली, गती हवी

न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे की चित्र पालटू लागले आहे. २०२० मध्ये पूर्व लडाखात चीनपुढे हजारो जवान ऐन वेळी तैनात झाले, तेव्हा वायुदलाच्या विमानांनी माणसे, रणगाडे व सामग्री वर पोहोचवली. त्या उंचीवर अशी फौज हिवाळाभर पोसणे हा मोठा पराक्रम होता. ३ ऑक्टोबर २०२० रोजी नऊ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला. मार्च २०२४ मध्ये सेला, तर जानेवारी २०२५ मध्ये सोनमर्गचा बोगदा. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ४१ आयुध निर्माण्यांच्या सात कंपन्या झाल्या. दारूगोळ्याची कंपनी पुण्यातून चालते. परंतु त्याच २०२० च्या हिवाळ्यात थंडीचे कपडे अमेरिकेकडून तातडीने घ्यावे लागले, हेही विसरता येत नाही. सियाचीनवर १९८४ पासून पहारा देणाऱ्या देशाला हिवाळा अचानक येतो, असे कसे म्हणता येईल?

म्हणून बोगद्याइतकीच निकड नियमांची आहे. प्रत्येक खरेदीच्या प्रत्येक टप्प्याला मुदत असावी आणि ती मोडणाऱ्याचे नाव नोंदले जावे. सदोष दारूगोळ्याच्या विल्हेवाटीचा निर्णय ठरलेल्या दिवसांत व्हावा. भांडार सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला आघाडीवरील अधिकाऱ्याइतकाच मान मिळावा. आणि कॅगच्या आक्षेपांवर काय कारवाई झाली, हे पुढील अधिवेशनात सांगणे बंधनकारक असावे.

हे घडवून आणण्याची जबाबदारी समाजावरही आहे. २६ जुलैला कारगिल विजय दिन साजरा करणाऱ्या शाखांनी, गणेशोत्सवात सैनिकांचे देखावे उभारणाऱ्या मंडळांनी आणि मुलाला सैन्यात धाडणाऱ्या घरांनी आपल्या खासदाराला वर्षातून एकदा तरी विचारावे, की जवानांच्या बुटांची फाईल कोठे आहे? जो समाज हा प्रश्न विचारील, त्याच समाजाला विजयदिनी जयघोष करण्याचा अधिकार राहील.