अभिजात साहित्याची वाट चौकातून

केंद्र सरकारने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यानंतर सत्कार झाले, परिसंवाद झाले. ज्यांच्या घरात पुस्तकाचे कपाटच नाही त्यांच्यापर्यंत हे अभिजात साहित्य कसे पोहोचणार, हा प्रश्न मात्र मागे पडला. पथनाट्य हा त्यावरचा एक मार्ग आहे. परंतु पथनाट्य म्हटले की आज स्वच्छता, मतदान किंवा एखादी सरकारी योजना एवढेच डोळ्यांसमोर येते.

चौकाचे गणित निराळे असते. तिकीट नाही, प्रकाशयोजना नाही आणि समोरचा माणूस कोणत्याही क्षणी बसथांब्याकडे वळू शकतो. दिल्लीच्या 'जन नाट्य मंचा'चे 'मशीन' (१९७८) जेमतेम तेरा मिनिटांचे होते. एवढ्या वेळात कादंबरीचे सार सांगू गेल्यास हाती उरतात ती परीक्षेची टिपणे. याच संस्थेने १९८८ मध्ये प्रेमचंदांच्या 'सत्याग्रह' कथेवरून 'मोटेराम का सत्याग्रह' केले ते रंगमंचासाठी. प्रत्येक कृती चौकात मावत नाही, हे त्यातून उमगते.

मग मावते काय? त्या नाटकाचे दिग्दर्शक हबीब तन्वीर यांनी याचे उत्तर १९५४ मध्येच 'आग्रा बाजार'मध्ये दिले होते. जामिया मिलियातील विद्यार्थी-शिक्षक आणि शेजारच्या ओखल्यातील रहिवासी यांना घेऊन त्यांनी नझीर अकबराबादींची कविता बाजारात उभी केली. काकडी विकणाऱ्याचा माल खपत नाही. नझीरची कविता गाऊ लागताच तो खपतो. गंमत म्हणजे कवी स्वतः नाटकात येतच नाही. येथे कवितेचे सार कोणी सांगत नाही, ती विक्रेत्याच्या तोंडून वापरली जाते.

मराठीत अशी जागा शोधायची तर महात्मा फुले यांचे 'तृतीय रत्न' आहे. १८५५ मध्ये लिहिलेले हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीने नाकारले आणि ते छापून आले १९७९ मध्ये. पात्रे मोजकी: कुणबी, त्याची बायको, त्यांना फसवणारा जोशी, एक पाद्री आणि मध्येच टोमणे मारणारा विदूषक. शेवटी ते जोडपे रात्रशाळेत शिकायला निघते. नेपथ्य जवळपास लागतच नाही आणि विदूषक तर गर्दीशी थेट बोलण्यासाठीच घडवल्यासारखा वाटतो. चौकासाठी याहून सोयीची संहिता सापडणे कठीण.

अडचण संहितेची नाहीच. योजनांच्या प्रचारासाठी कलापथकांना मानधन मिळते; 'तृतीय रत्न'साठी ते कोण देणार? शिवाय भर चौकात प्रयोग करायचा तर पोलिसांची परवानगी घ्यावी लागते. धर्माच्या नावावरील फसवणुकीवर बोट ठेवणाऱ्या, तेही फुल्यांच्याच भाषेत, नाटकाला ती सहजी मिळेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. फुल्यांच्या तसबिरीला हार घालायला मात्र परवानगी लागत नाही.