मोटारीची निगा

आमची देवणी गोवंशासाठी प्रसिद्ध. येथे बैलाची पारख करणारे पुष्कळ. परंतु तेच गृहस्थ मोटार गॅरेजात नेली की पुढे आलेल्या लांबलचक यादीवर निमूटपणे सही करितात. त्यापूर्वी गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका उघडावी, अशी आमची वाचकांस विनंती आहे. इंजिनाचे तेल केव्हा बदलावे हे तीत किलोमीटर व महिने अशा दोन्ही मापांनी दिलेले असते. जे आधी भरेल ते प्रमाण मानावे. गाडी फारशी धावली नाही, म्हणून वर्षानुवर्षे तेच तेल ठेवणे बरे नव्हे.

ब्रेकचे तेल तर गाडी उभी असतानाही हवेतील ओलावा शोषून घेते. घाट उतरताना ते तापले म्हणजे त्या ओलाव्याची वाफ होते आणि ब्रेक पायाखाली पोकळ लागतो. गाडीत मुलेबाळे बसावयाची, तेथे काटकसर कसली? धुळीच्या रस्त्यांवर हवेची गाळणीही मुदतीपूर्वीच पाहावी.

उलट, इंजिन आतून धुण्याची सेवा पुस्तिकेत सांगितली नसेल तर नाकारावी. चाकांत पैसे देऊन भरावयाचा नायट्रोजन साध्या हवेत सुमारे ७८ टक्के असतोच! दाब मात्र चाके थंड असताना नियमाने तपासावा. आणि बदललेला जुना भाग मागून घ्यावा. संकोच करू नये.