आधी हातातली गिटार सुरात आणा

राहात्यासारख्या तालुक्याच्या गावी इलेक्ट्रिक गिटार शिकणाऱ्यांचा प्रवास साधारण ठरलेला असतो. पहिली गिटार ऑनलाइन मागवलेली, दहा हजारांच्या आतली. चार-सहा कॉर्ड बोटांत बसतात आणि मग कानाला खटकू लागतं: मोकळ्या तारा नीट जुळलेल्या असूनही वरच्या फ्रेटवर सूर चढा लागतो, बोटं दुखतात, आवाज पातळ येतो. सल्ला तयारच असतो, ‘आता चांगल्या कंपनीची घे.’ पेरूच्या बहाराचे पैसे हाती आले की बघू, असं घरचेही म्हणतात. हा सल्ला चुकीचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. हाताशी पंधरा-वीस हजारच असतील, तर पहिला खर्च असलेल्या गिटारच्या सेटअपवर व्हावा, मग अँपवर. नव्या गिटारची पाळी त्यानंतरची.

तक्रारीचं मूळ कुठे आहे ते पाहा. बारावा फ्रेट तारेच्या मध्यावर असतो. फेंडर धाटणीच्या गिटारवर तारेची हिशेबी लांबी साडेपंचवीस इंच, म्हणजे बारावा फ्रेट नटपासून पावणेतेरा इंचांवर. पण तार दाबली की ताणली जाते आणि सूर चढतो. तो चढ भरून काढण्यासाठी ब्रिजवरचं सॅडल किंचित मागे घ्यावं लागतं. तारा फ्रेटपासून जितक्या उंच, तितका ताण अधिक आणि बेसूरपणाही अधिक. नटच्या खाचा उथळ राहिल्या, तर पहिल्या फ्रेटवरचा साधा एफ कॉर्डसुद्धा चढा वाजतो. स्वस्त गिटारवर हे काम बहुतेकदा घाईत उरकलेलं असतं. त्यात आपल्याकडचा एप्रिल-मेचा कोरडा उन्हाळा आणि पाठोपाठची पावसाळी हवा लाकडी नेकला बाक आणते. नेकमध्ये ट्रस रॉड असतो तो हा बाक काढण्यासाठीच. महागडी गिटारही या हवेतून सुटत नाही. आपल्या संगीताला ही गोष्ट नवी नाही. तंबोऱ्याची जवारी उतरली म्हणून कोणी तंबोरा मोडीत काढत नाही, मिरजेच्या कारागिराकडून जवारी काढून घेतो. तीच समज गिटारच्या बाबतीत का सोडायची? इथे तर नव्या तारा, एक ॲलन की, स्क्रू-ड्रायव्हर आणि फोनवरचा फुकट ट्युनर एवढ्यावर निम्मं काम घरीच होतं.

यावर पहिला आक्षेप लाकडाचा. स्वस्त लाकडातून चांगला आवाज कसा येईल? अकूस्टिक गिटारबद्दल हा प्रश्न रास्त आहे, कारण तिथे लाकडाची पातळ फळीच हवा हलवते. इलेक्ट्रिक गिटारमध्ये पिकअपचं चुंबक आणि वेटोळं पोलादी तारेची थरथर टिपतात. गिटारवादक लेस पॉल यांनी १९४०च्या सुमारास चार इंच बाय चार इंचांच्या पाइनच्या ओंडक्यावर तारा आणि पिकअप बसवून ‘लॉग’ तयार केला, तो वाजलाही. बाजूचे गिटारच्या आकाराचे पंख त्यांनी नंतर लावले, ते मुख्यतः दिसण्यासाठी. पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या ‘क्वीन’ बँडचा ब्रायन मे आयुष्यभर जी गिटार वाजवत आला, ती त्याने वडिलांच्या मदतीने १९६३पासून घरीच घडवली. तिची नेक जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची आणि ट्रेमोलोत जुन्या मोटारसायकलच्या स्प्रिंगा. लाकडाने काहीच फरक पडत नाही, असं मी म्हणत नाही. नेकचं लाकूड वाळलेलं आणि सरळ हवंच. पण शिकाऊ वादकाच्या कानाला खुपतं ते अंगाचं लाकूड नव्हे.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे: ही तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! तो पटला असता, जर मसाला कोंबडीबरोबरच संपला असता. अँप पुढच्या गिटारलाही चालतो, आणि सेटअपची शिकलेली कला तर जन्मभर. शिवाय ‘पातळ आवाज’ हा पुष्कळदा गिटारचा दोषच नसतो. भजनाच्या किंवा मंडळाच्या मिक्सरमध्ये गिटारची वायर थेट खुपसली, तर पिकअपचा वरचा झळाळ तिथेच मरतो. गिटारला सुमारे दहा लाख ओहमचं इनपुट लागतं, मिक्सरच्या लाइन इनपुटला ते दहा हजारांच्या आसपास असतं. त्यावर डिस्टॉर्शन लावून हॉर्नमधून वाजवलं की करवत चालल्यासारखं ऐकू येतं, कारण गिटार अँपचा स्पीकर मुळात पाच हजार हर्ट्झच्या वरचा आवाज झपाट्याने उतरवतो आणि हॉर्न तो उघडा करतो. तीस हजारांची गिटारही त्या मिक्सरवर तशीच वाजेल. डीआय बॉक्स किंवा छोटा अँप हाच त्यावर उपाय. घरघर म्हणजे गिटारच खराब, हा आणखी एक गैरसमज. सिंगल कॉइल पिकअप घरातल्या ५० हर्ट्झ विजेची गुणगुण पकडतं, आणि अर्थिंग नसलेल्या प्लगवर ती वाढते. गिटारच्या तारा ब्रिजमार्फत अँपच्या अर्थला जोडलेल्या असतात. तेव्हा अर्थिंग तपासणं हा आवाजाइतकाच जिवाचाही प्रश्न आहे.

आणि तरीही काही गिटारी खरोखर टाकाऊ असतात, हे मान्य. ट्रस रॉड फिरवूनही नेक सरळ होत नसेल, सॅडल पार मागे नेऊनही बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि दाबलेला सूर जुळत नसेल, किंवा फ्रेटच मुळात चुकीच्या जागी बसवले असतील, तर नवी घ्या. अशा वेळी नाशिक किंवा पुण्याच्या दुकानात जाऊन हातात घेऊन घ्या. हेडस्टॉकवरच्या नावाला भुलू नका. स्क्वायर हे फेंडरनेच १९८२पासून स्वस्त गिटारींवर लावलेलं नाव आहे आणि यामाहाच्या पॅसिफिका मालिकेतही स्वस्त-महाग असे थर आहेत. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवून खरखर ऐका, तार खेचून सोडल्यावर ट्युनर पाहा. तरंगता ट्रेमोलो कितीही मोहक दिसला तरी या किमतीत स्थिर ब्रिजच घ्या, कारण त्या ट्रेमोलोवर एक तार तुटली की उरलेल्या पाचही चढतात. वाचलेल्या पैशांतून तारांचे दोन जास्तीचे संच घेऊन ठेवा.