यंत्रमानव आणि त्याची गाडी

हल्लीं सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील विद्यार्थिवर्गांत यंत्रमानवांच्या स्पर्धांची आवड चांगलीच रुजली आहे, आणि ती रुजावी असेंच आमचें मत आहे. इ. स. २०१६ मध्यें नीति आयोगानें अटल टिंकरिंग प्रयोगशाळांची योजना काढल्यापासून सहावी ते बारावीच्या मुलामुलींच्या हातीं मोटारी, संवेदक, त्रिमिति छपाईचें यंत्र अशीं साधनें येऊं लागलीं. या स्पर्धांच्या कौतुकाचे लेख पुष्कळ निघतात. आम्हांस मात्र आज अशा एका वस्तूविषयीं लिहावयाचें आहे कीं, जिचें छायाचित्र कोणी काढीत नाहीं आणि जिला बक्षीस ठेवलेलें नाहीं. ती वस्तु म्हणजे यंत्रमानवास कार्यशाळेपासून टेंपोपर्यंत व टेंपोपासून रिंगणापर्यंत नेणारी चार चाकांची गाडी.

गाडी काय, कोणीही करील, असें बहुतेकांचें म्हणणें असतें. आणि "कोणीही" म्हणजे अर्थातच दुसऱ्या कोणीं तरी. म्हणून ती शेवटल्या रात्रीं होते. वर्गांतल्या एखाद्या मेजाचे पाय कापून त्यास बाजारांतून आणलेलीं चार फिरकीचीं चाकें ठोकतात, किंवा तेंही न करतां चौघे धट्टेकट्टे मुलगे यंत्र उचलून नेतात. यंत्र लहान असेल तर याला आमची हरकत नाहीं. पाठीवरच्या दप्तराएवढ्या यंत्रास जाड पुठ्ठ्याचें खोकें व जुनी गोधडी पुरेशी आहे. तेथें गाडीचा थाट करणें हा पैशांचा अपव्यय होय. परंतु महाविद्यालयांच्या स्पर्धांतील यंत्रें तीस-चाळीस किलोंचीं असतात, आणि आमच्या शाळांतील हुशार मुलें उद्यां तेथेंच जाणार आहेत.

आशिया व पॅसिफिक प्रदेशांतील महाविद्यालयांची 'रोबोकॉन' ही स्पर्धा इ. स. २००२ मध्यें टोकियोस सुरू झाली. तिची आंतरराष्ट्रीय फेरी पुण्यास दोनदां भरली: इ. स. २००८ मध्यें, जेव्हां खेळाचा विषय आपल्या गोविंदाच्या दहीहंडीवरून घेतला होता, आणि पुन्हां इ. स. २०१४ मध्यें. या दुसऱ्या वेळचा खेळ वाचकांनीं अवश्य ध्यानांत घ्यावा. एका मोठ्या यंत्रमानवानें, पालकाच्या नात्यानें, एका लहान बालक-यंत्रमानवास उचलून सीसॉवर बसवावयाचें, खांबांवरून चालवावयाचें, झोपाळ्यावर न्यावयाचें, असा तो खेळ होता. एका नाजूक यंत्रास सांभाळून नेणें हीच जेथें परीक्षा, तेथें त्या यंत्रास पुण्यापर्यंत सांभाळून नेणें हें मात्र हमालाचें काम समजावें, यांतील विसंगति आम्हांस तरी हंसूं आणते.

सांगलीहून पुण्यास जावयाचें म्हणजे पेठनाका, कराड, सातारा करीत, खंबाटकीचा बोगदा ओलांडून, सव्वादोनशें किलोमीटरांहून अधिक वाट काटावयाची. रिंगणांतील खेळ तीन मिनिटांचा असतो. यंत्र त्या तीन मिनिटांसाठीं घडविलेलें असतें, आणि त्यास चार-पांच तासांचे हादरे खावे लागतात. हादऱ्यानें स्क्रू सैल होतात. तारेचा जोड वरून शाबूत दिसतो व आंतून सुटलेला असतो. संवेदक केंसभर सरकतो आणि मग यंत्र पांढऱ्या रेषेऐवजीं प्रेक्षकांकडे धांवतें. लोक म्हणतात, मुलांचें गणित चुकलें. गणित बरोबर असतें, गाडी चुकलेली असते.

आतां गाडी करणें सोपें आहे कीं नाहीं, तें पाहूं. समजा, तीस ५ सेंटिमीटर व्यासाचीं स्वस्त चाकें लावलीं आणि वाटेंत १ सेंटिमीटर उंचीचा उंबरा आला. आंसावर आडवा जोर लावून तें चाक उंबऱ्यावर चढवावयाचें, तर त्या चाकावर जेवढें ओझें असेल त्याच्या सव्वापटीहूनही अधिक जोर लागतो; ओझें १५ किलो असल्यास जोर २० किलोंचा. चाक २० सेंटिमीटर व्यासाचें असेल तर त्याच उंबऱ्यास सव्वासात किलोंचा जोर पुरतो. पायथागोरसचा सिद्धांत येणारा कोणताही विद्यार्थी हा हिशेब पाटीवर मांडून पाहूं शकेल, आणि त्यानें तो मांडावा अशी आमची विनंति आहे.

मग मोठीं चाकें लावलीं कीं झालें? नाहीं. चाक मोठें म्हणजे गाडीचा तळ उंच, आणि तळ उंच म्हणजे ओझ्याचा गुरुत्वमध्य उंच. गाडीच्या चाकांतील रुंदी ६० सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ९० सेंटिमीटर असेल, तर ती सुमारें १८ अंश कलली कीं उलटते. गुरुत्वमध्य ४५ सेंटिमीटरांवर आणला तर ३४ अंशांपर्यंत तग धरते. म्हणून तळ चाकांच्या मध्यें खालीं सोडावा, तर गाडी रुंद होते आणि दारांत अडते. अमेरिकेंत इ. स. १९९२ पासून चालूं असलेल्या 'फर्स्ट' या शालेय स्पर्धेच्या नियमांत गाडी तीस इंची दारांतून गेली पाहिजे, अशी अटच घातली आहे. बरें, तळ खालीं सोडल्यावर दुरुस्तीच्या वेळीं मुलांस जमिनीवर पालथें पडावें लागतें. दुरुस्तीस यंत्र कमरेइतक्या उंचीवर हवें. चारही चाकें फिरतीं ठेवलीं तर गाडी जागच्या जागीं वळते, पण उतरतीवर आडवी पळते. मागचीं दोन स्थिर ठेवलीं तर सरळ जाते, पण अरुंद बोळांत वळत नाहीं. प्रत्येक सोय कोणती तरी गैरसोय घेऊनच येते, आणि त्या दोहोंत निवड करणें यालाच रचनाशास्त्र म्हणतात. हें शिकण्यास यंत्रमानवाहून गाडी बरी, कारण तिच्यांत सर्व कांहीं डोळ्यांस दिसतें.

आपल्या गांवच्या सुतारास हें सर्व पुस्तकावांचून ठाऊक होतें. बैलगाडीचीं चाकें एवढीं मोठीं कां, तुंब्यांत आरे किंचित कलते कां बसवितात, लोखंडी धांव तापवून चढवावी व पाण्यानें निववून आवळावी हें कशासाठीं, याचें उत्तर त्याच्या हातांत होतें. गाडी मागें जड झाली तर ती उलाळ होते व जूं बैलांच्या मानेवरून वर उठतें, पुढें जड झाली तर तीच मान दडपली जाते. म्हणून गाडीवान ओझें आंसाच्या मागेंपुढें तोलून भरतो. गुरुत्वमध्य हा शब्द त्यानें ऐकलेला नसेल, पण तो कोठें आहे हें त्यास विचारावें लागत नाहीं.

याच जुन्या गाडीपाशीं आपल्या जिल्ह्यांतील विद्यार्थी इ. स. २०२२ मध्यें परत गेले, ही गोष्ट आम्हांस कोणत्याही चषकाहून मोठी वाटते. वाळवें तालुक्यांतील साखराळें येथील राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनीं ऊस वाहणाऱ्या बैलगाडीस पुढच्या बाजूस, दोन बैलांच्या मध्यें, जुंवाखालीं टेकणारें एक तिसरें चाक बसविलें व त्यास 'सारथी' असें नांव दिलें. कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या गाड्या ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस बैलांच्या मानेवरील घट्टे आठवतील. तो भार कांहीं अंशीं जमिनीवर उतरविणें एवढीच त्या चाकाची कामगिरी. त्यांत ना संगणक, ना संवेदक. तरी देशभर त्याची वाहवा झाली, कारण ओझें कोणाच्या मानेवर पडतें आहे हें त्या मुलांनीं आधीं पाहिलें आणि मग हत्यार हातीं घेतलें.

या भागास ही परंपरा नवी नाहीं. कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं आरंभीं बेळगांवांत सायकलींचें दुकान चालविलें, पुढें तेथेंच लोखंडी नांगर केले, आणि इ. स. १९१० मध्यें औंधच्या राजेसाहेबांनीं दिलेल्या माळावर कारखाना हलविला. माळ ओसाड व निवडुंगानें भरलेला. परंतु तो कुंडल रोड स्टेशनाजवळ होता. यंत्रें येणार कशीं आणि नांगर जाणार कसे, याचें उत्तर जागेंतच होतें. औंध आज सातारा जिल्ह्यांत आहे व किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यांत. एका संस्थानाचा हा वारसा आतां दोन्ही जिल्ह्यांस मिळून जपावयाचा आहे.

आमचा खरा आक्षेप याच्याही पुढचा आहे. गाडीचें काम संघांतील कोणाकडे जातें, हें शिक्षकांनीं एकदां नीट पाहावें. संगणकापुढें बसण्याचा मान इंग्रजी चटचट बोलणाऱ्यास मिळतो. करवत, पान्हा व ओझें हीं ज्याच्या वडिलांचें सुतारीचें दुकान आहे किंवा जो टेंपोवाल्याचा मुलगा आहे, त्याच्या वाट्यास येतात. बक्षीससमारंभाच्या वेळीं तो बहुधा मंडपाबाहेर गाडीपाशीं उभा असतो. एका संघांतल्या संघांत डोक्याचे व हाताचे असे दोन वर्ग पाडण्याची ही रीत शाळेस शोभत नाहीं. गाडीचा भार एका विद्यार्थ्यावर किंवा विद्यार्थिनीवर प्रारंभींच सोंपवावा, तिचा आराखडा यंत्राच्या आराखड्याबरोबरच फळ्यावर काढावा, आणि परीक्षकांपुढें यंत्राची माहिती सांगतांना गाडी करणाऱ्यानेंही चार वाक्यें बोलावीं. उलटपक्षीं, प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानेंही आठवड्यांतून एक दिवस करवत हातीं धरावी. त्यानें त्याचें कांहीं बिघडणार नाहीं.

कोणी म्हणेल, गाडीस गुण नाहींत, मग वेळ कां दवडावा? गुण नाहींत हें खरें आहे. परंतु ज्या यंत्राचा जोड पोहोंचल्यावर सुटलेला सांपडतो, त्यासही गुण मिळत नाहींत. पालकांस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, मुलांच्या हौसेखातर बाजारांतून चकचकीत तयार गाडी विकत आणून देऊं नका. तेवढे पैसे खर्चावयाचे असतील तर चांगलीं चाकें, पट्टे आणि ब्रेक घेऊन द्या. बाकीचें मुलांस करूं द्या. आपल्यापैकीं कोणास जोडकाम येत असेल, कोणी लेथवर काम करीत असेल, तर त्यांनीं दोन संध्याकाळ शाळेंत यावें. पण हत्यार मुलांच्याच हातीं ठेवावें.

जे विद्यार्थी यंदां गाडी करणार असतील त्यांनीं लांकूड कापण्याआधीं शाळेच्या दाराची रुंदी, पायऱ्यांची उंची व टेंपोच्या फळीची उंची मोजून आणावी. यंत्र गाडीवर ठेवतांना त्याचीं चाकें अधांतरीं राहतील असे ठोकळे त्याच्या चौकटीखालीं द्यावे, म्हणजे कळ चुकून दाबली गेली तरी तें उडी मारून पळणार नाहीं. वाटेंत बॅटरी काढून वेगळी न्यावी. आणि यंत्र चढविण्यापूर्वीं त्याच वजनाचीं वाळूचीं पोतीं पट्ट्यांनीं बांधून ती गाडी मैदानाच्या खडीवरून दहा फेऱ्या ओढावी. कुरकुर कोठून येते, पट्टा कोठें सैल पडतो, कोणतें चाक रुसतें, हें त्या दहा फेऱ्यांत कळेल. शेवटच्या दोन फेऱ्या संघांतील सर्वांत लहान मुलास ओढावयास सांगाव्या.