कोकणात बाहेरचा कोण?

मंडळी, आंब्याचा सीझन जवळ आला की आपल्याकडे एक मेसेज हमखास फिरतो. 'गावात नेपाळी वाढलेत, सावध राहा.' खाली अंगठे पडतात, रागाचे चेहरे पडतात. आणि त्यातलाच एखादा दुसऱ्या दिवशी राखणीला गडी मिळेल का म्हणून फोन फिरवत असतो!

जरा सरळ बोलूया. रत्नागिरीतल्या बागांची फवारणी, राखण, तोडणी आणि बंदरांतल्या बोटींवरचं जाळी ओढायचं काम, यात आज नेपाळी माणसं मोठ्या संख्येने आहेत. त्यांनी आपली कामं हिसकावली का? २००१ ते २०११ या काळात देशाची लोकसंख्या वाढली, पण रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांची चक्क घटली. एकट्या रत्नागिरीत ८१ हजारांहून जास्त. आपली पोरं मुंबई-पुण्याला गेली, आखातात गेली. घरं आपण बंद केली, मग गडी बाहेरून आला. आणि तो चोरून आलेला नाही. १९५० च्या भारत-नेपाळ करारानुसार त्याला इथे राहण्याची आणि काम करण्याची मुभा आहे.

'पण आपली संस्कृती?' असं विचारणारे भेटतात. प्रश्न रास्त आहे. मग आपलं सामायिक म्हणजे नक्की काय, तेही सांगूया.

अलिबाग-पेणच्या बाजूला शेकडो वर्षं बेने इस्रायली राहिले. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी काम बंद. म्हणून गावाने नाव दिलं 'शनिवार तेली'. गावांवरून आडनावं पडली, पेणकर, रोहेकर, किहीमकर. १९४८ नंतर बरेचजण इस्रायलला गेले, पण मराठी सोबत घेऊन गेले. हे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावंच.

पण पुढचं वाक्य आपण गाळतो. जुन्या गावात सगळे नांदले, कारण प्रत्येकाची जागा ठरलेली होती. तू तुझ्या आळीत, मी माझ्या. भांडण नव्हतं, पण बरोबरीही नव्हती. याच रायगड जिल्ह्यात महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. पाणी सगळ्यांचं, नियम सगळ्यांना एकच. माझ्या मते आपलं खरं सामायिक मूल्य हे आहे, आणि तेही कोकणच्याच मातीत उभं राहिलंय.

त्या मापाने आज आपण कुठे आहोत? बोटीवर लाइफ जॅकेट मालकाला आणि खलाशालाही हवं. मजुरी ठरल्या दिवशी हातात पडायला हवी, मग गडी गुहागरचा असो की नेपाळचा. गुन्हा एकाने केला तर पकडायचं त्या एकाला, अख्ख्या जमातीला गावबंदी घालायची नाही. आणि ज्या मालकाला गड्याची नोंद पोलिसात करायचा कंटाळा येतो, त्याने 'सावध राहा'चे मेसेज पुढे ढकलू नयेत.

येणाऱ्यांकडूनही अपेक्षा ठेवायला हरकत नाही. मराठी शिकावी, गावचे नियम पाळावेत. पण भाषा धाकाने येत नाही, शाळेत येते. पट घसरल्यामुळे आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळा बंद पडायच्या बेतात आहेत. बागेतल्या झापात राहणारं पोर त्या पटावर आलं, तर त्याला मराठी मिळेल आणि गावाची शाळा टिकेल. ते पोर शाळेत येतंय की नाही, हे विचारायला शाळा व्यवस्थापन समितीतल्या कुणी बागेपर्यंत जायला काय हरकत आहे?

आपला चाकरमानी मुंबईत गाळ्यात दहा-दहा जणांत राहिला, तेव्हा तोही तिथे बाहेरचाच होता. त्याला तिथे काय मिळायला हवं होतं, ते आपल्या घरातली वयस्कर मंडळी सांगू शकतात. तेवढं विचारा, आणि मग या सीझनला तो मेसेज पुढे पाठवायचा की नाही ते ठरवा.