डिझेल गाडीचा फिल्टर काढण्यापूर्वी हे वाचा

"डॉक्टर, मी सिगारेटला हातही लावत नाही, तरी धाप का लागते?" हमरस्त्यालगत राहणाऱ्यांचा हा प्रश्न आम्हा डॉक्टरांना नवा नाही. त्याच्या उत्तराचा एक भाग डिझेलच्या धुरात असू शकतो.

या धुरात मुख्य त्रासदायक घटक दोन. पहिला काजळी. तिचे बहुतेक कण केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागापेक्षाही बारीक असतात. ते नाकात अडकत नाहीत, थेट फुफ्फुसात खोलवर जातात. दुसरा घटक नायट्रोजनचे ऑक्साइड. हे वायू श्वासनलिकेला सूज आणतात आणि दमा बळावतो. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर कर्करोगजनक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला. तंबाखूचा धूरही त्याच गटात आहे. दोन्ही सारखेच घातक असा याचा अर्थ नाही. दोन्हींबद्दलचा पुरावा पक्का आहे, एवढाच.

इंजिनाची अडचण अशी, की ज्वलनाचे तापमान वाढवले तर काजळी घटते पण नायट्रोजनचे ऑक्साइड वाढतात. तापमान उतरवले की उलटे होते. म्हणून धूर बाहेर पडण्यापूर्वी तो स्वच्छ करावा लागतो. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. या गाड्यांतला डीपीएफ हा फिल्टर काजळी अडवतो आणि ती आतच जाळतो. ट्रक, बस आणि बऱ्याच मोटारींत ३२.५ टक्के युरियाचे द्रावण धुरात फवारले जाते. त्यातून निघणारा अमोनिया त्या ऑक्साइडचे साधे नायट्रोजन आणि पाणी करतो.

तरीही खर्च वाचवायला काही जण गॅरेजमध्ये फिल्टर काढून घेतात, युरिया 'बायपास' करतात. मला हे चूक वाटते. चालकांची तक्रार खरी आहे: शहरातल्या छोट्या फेऱ्यांत फिल्टर पुरेसा तापत नाही, तुंबतो, दिवा लागतो. पण अशा वेळी बऱ्याचदा मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे सलग गाडी चालवली की काम भागते. गाडीच्या पुस्तिकेत ही पद्धत दिलेली असते.

"पण माझी गाडी पीयूसीत पास होते!" होईलही. डिझेल गाडीच्या पीयूसीत फक्त धुराचा दाटपणा तपासतात, नायट्रोजनचे ऑक्साइड मोजतच नाहीत. नेदरलँड्समध्ये २०२३ पासून डिझेल गाड्यांच्या तपासणीत काजळीचे कण मोजले जातात. आपल्याकडेही कण आणि ऑक्साइड दोन्ही मोजायला हवेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

तोवर एक काम तुम्ही करू शकता. तुमच्या मुलांच्या स्कूलबसच्या मालकाला विचारा: बस बीएस-६ आहे का? असेल तर फिल्टर जागेवर आहे ना? युरिया वेळेवर भरता ना? त्या बसमागे उभ्या राहणाऱ्या मुलांसाठी तरी हे विचारायलाच हवे.