वारा कुठल्या दिशेचा?

कवितांचं टपाल वर्षभर येत असतं, दिवाळी अंकासाठी श्रावणापासून त्याला उधाण येतं. यंदाही आलं, आणि बऱ्याच कवितांत वारा होता. तो तिच्या बटा उडवतो, मोगऱ्याचा वास आणतो, पडदा हलवतो आणि निघून जातो. कुठून आला, कुठल्या महिन्यात आला, पत्ता नाही. झुळूक नसली की थेट तुफान, तेही क्रांतीचं. या दोहोंमधला वारा मराठी कवीला लागतच नाही, ही संपादकांची वर्षभराची कुरकुर.

वर्ष तसं गडबडीचं गेलं. पाऊस मे महिन्यातच महाराष्ट्रात येऊन थडकला, सप्टेंबरात मराठवाड्यातली शेतं पाण्याखाली गेली.  मोसमी पाऊस आणतो नैर्ऋत्येचा वारा; कवितांत पाऊस रतीबाने पडतो, वारा मात्र गैरहजर.

कालिदासाचा वारा असा बेवारस नव्हता. ‘मेघदूता’त तो ढगाला हळूहळू उत्तरेकडे ढकलतो. उज्जयिनीत पहाटे क्षिप्रेवरून कमळांचा गंध आणि सारसांचा आवाज घेऊन येतो. पुढे हिमालयात मात्र वारा सुटला की सरल वृक्षांची खोडं एकमेकांवर घासून वणवा पेटतो, चमरींच्या शेपट्या होरपळतात, आणि तो विझवण्याचं काम यक्ष मेघावर सोपवतो. त्याच हिमालयातून देवदाराच्या चिकाचा वास घेऊन वारे दक्षिणेला येतात, तेव्हा यक्ष त्यांना कवटाळतो. न जाणो, ते त्याच्या प्रियेच्या अंगावरून आले असतील! ती उत्तरेला आहे, म्हणून वारा उत्तरेचा. विरहालासुद्धा भूगोल लागतो.

त्याआधी ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात वाताची, म्हणजे वाऱ्याची, दोन सूक्तं आहेत. 168व्यात त्याचा रथ मोडतोड करत, गर्जत, धूळ उडवत जातो. 186व्यात तोच बाप, भाऊ, मित्र होऊन औषध आणतो.

शेलीने तर पश्चिम वाऱ्यावरच्या कवितेला टीप जोडली. 1819 मध्ये फ्लोरेन्सजवळ, आर्नो नदीकाठच्या रानात ही कविता सुचली. त्या दिवशीचा वारा वादळी होता आणि सुखद उबेचाही, आणि सूर्यास्ताला गारांसह पाऊस झाला, असं तो नोंदवतो. एवढा क्रांतिकारक कवी, पण हवामान लिहून ठेवायला विसरला नाही. तीन वर्षांनी इटलीच्याच समुद्रात, वादळात त्याची होडी बुडाली.

आपल्याकडे 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला लागलं. श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या. चक्रीवादळाचं केंद्र डोक्यावरून जातं तेव्हा मध्ये थोडा वेळ शांतता होते आणि मग वारा उलट्या बाजूने येतो. पहिल्या माऱ्यात खिळखिळं झालेलं झाड दुसऱ्यात जातं. नवी पोफळ लावली तरी फळ धरायला काही वर्षं जातात. वादळावरच्या ज्या कविता या टेबलावर आल्या, त्यांत रुद्रावतार होता, तांडव होतं. वारा फिरला, हे कुणी लिहिलं नाही.

उलट ज्यांना लिहितावाचता येत नव्हतं त्या बहिणाबाई चौधरींनी वाऱ्याला कामाला जुंपलं. ‘उपननी’त त्या त्याला मारुतीचा बाप म्हणून हाक मारतात आणि थापा पुरे, आता ये, असं खडसावतात. खळ्यावर मळणी झालेली, सूप डोक्याच्या वर धरलेलं. वारा पडला तर दाणे आणि भुसा एकाच ढिगात. फार सुटला तर हलके दाणेही भुशाबरोबर जातात. दैवताला दम भरायचा अधिकार या गरजेतून येतो. त्यांच्या निधनानंतर, 1952 मध्ये, ही गाणी पुस्तकरूपाने आली. त्यावर भाषणं पुष्कळ होतात, पण त्यातला वारा कुणी उचलत नाही.

आता दिवाळीशी याचा संबंध काय? पणती विझते, एवढा तर आहेच. मुखपृष्ठावरच्या आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या एका बाजूला उडताना दिसतील. चित्रकाराला कारण विचारलं, तर म्हणाला, या दिवसांत वारा ईशान्येचा सुरू होतो. त्याचं मानधन वाढवलं आहे. कवितांची पानं यंदा कमी झाली आहेत, हे वर्गणीदारांच्या लक्षात येईलच. तक्रारी नेहमीच्या पत्त्यावर.